पावरकटचा दिवस

पावरकटच्या दिवशी आमच्या घरात कुणी कुणाला मारत नसे. हे वाक्य लिहून मी जरा थांबले, कारण वाचणाऱ्याला यात विनोद दिसेल अशी शंका आली. विनोद नाही. सुरतेत उधन्याच्या बाजूला, कापड विणणाऱ्या मागांच्या कारखान्यांना पाठ लावून उभ्या असलेल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर दादा भाड्यानं राहत असे, आणि बी.एड. झाल्यावर वडिलांनी मला अकोल्याहून त्याच्याकडे पाठवलं होतं. खाली आणि मागे पत्र्याच्या शेडमध्ये माग चालत. तो आवाज कानात शिरत नसे, तो पायांतून वर येई. मांडणीवरच्या वाट्या दिवसभर सरकत सरकत कडेला येत आणि संध्याकाळी वहिनी त्या हातानं पुन्हा आत ढकले. बोलायचं तर ओरडून, नाहीतर समोरच्याचे ओठ वाचून. आठवड्यातून एक दिवस मात्र कारखान्यांची वीज बंद असे. त्या दिवसाला सगळे पावरकट म्हणत. त्या दिवशी तिसऱ्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू येई, नळावरची भांडणं शब्दन्‌शब्द कळत, कुणाच्या लेकराला ढेकर आला तरी गल्लीला समजे. म्हणून पावरकटच्या दिवशी दादा अत्यंत प्रेमळ असे. वहिनीला 'अगं ऐकलंस का' म्हणून हाक मारी.

बाकीच्या दिवशी तो तिला मारी. कशासाठी ते सांगत बसायचं तर यादीच होईल आणि यादीला काही अर्थ नाही. वरणात मीठ कमी होतं म्हणून मारलं तसं वरणात मीठ बरोबर पडलं त्या दिवशीही मारलेलं मी पाहिलं आहे. चपलेनं, चिमट्यानं, पण जास्त करून मुठीनं पाठीत, म्हणजे वळ दिसायला नकोत. दादा बँकेत होता. काउंटरवर म्हाताऱ्या माणसांच्या स्लिपा स्वतः भरून देणारा साहेब म्हणून त्याचं नाव होतं, इंग्रजी तर असं फर्डं की गुजराती मॅनेजर त्याच्याकडून पत्रं लिहून घेई. एकदा मी मध्ये पडले तेव्हा त्यानं मला बाजूला केलं आणि दार लावून वहिनीला दुप्पट मारलं. त्यानंतर वहिनीनंच मला आपली शपथ घातली, की ताई, तुम्ही आत येऊ नका, तुमच्या नावाचा मार मला पडतो. 'तोंड दाबून बुक्क्यांचा मार' असं आपण म्हणतो. आमच्याकडे तोंड दाबायचं काम माग करत. वहिनीच्या आईचं पत्र येई, त्यात घरोघरी मातीच्या चुली असं हटकून लिहिलेलं असे. वहिनी हसून म्हणे, "आपल्याकडे तर गॅस आहे." हसताना ती एका बाजूनं पाठ धरी. स्वयंपाक मात्र तिच्या हातचा असा, की अजून तशी पाटवडी मी कुठे खाल्लेली नाही. थंडीत बाजारात पोंक आला, म्हणजे ज्वारीचे कोवळे हिरवे दाणे, की ती त्यात लसणाची चटणी आणि लिंबू घालून माझ्या डब्यात देई, आणि शाळेतल्या मुली माझ्याभोवती कोंडाळं करत.

शाळा मराठी माध्यमाची होती. खानदेशातून, मराठवाड्यातून, विदर्भातून मागावर आलेल्या माणसांची मुलं तिथे शिकत. इमारत कारखान्यांच्या इतकी जवळ की फळ्यावर लिहिताना खडू थरथरे. मला नववी-दहावीला इंग्रजी दिलं होतं, कारण आधीचे सर निवृत्त झाले होते आणि तो विषय कुणालाच नको होता. हेडसरांनी पहिल्या दिवशी मला खोलीत बोलावून कपाट उघडून दाखवलं. मला वाटलं पुस्तकं असतील. आत धोटे होते. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो लाकडी धोटा, हातभर लांब, दोन्ही टोकांना पोलादी टोपी बसवलेला. झिजला की तो मागावर चालत नाही, मग कामगार तो घरी आणतो. आणि शाळा सुरू झाली की मुलाचा बाप तोच धोटा घेऊन मास्तरांकडे येतो. ही तिथली रीत होती. नारळ द्यावा तसा तो दोन्ही हातांनी द्यायचा. हेडसर म्हणाले, "बाई, यातला बरा बघून घ्या. इंग्रजी हा विषय मारल्याशिवाय आत जात नाही." ते थट्टा करत नव्हते. शेजारच्या वर्गात गणिताचे सर मुलांची बोटं बाकावर पालथी ठेवायला लावून पेरांवर धोटा मारत. माग चालू असताना किंकाळी ऐकू येत नसे. भिंतीतल्या झरोक्यातून फक्त उघडलेली तोंडं दिसत. मी तेव्हा बाविशीची होते आणि घरी रोज काय बघत होते ते सांगितलंच आहे. मी ठरवलं की माझ्या वर्गात हात उगारायचा नाही. यात थोरपणा काही नव्हता, मला त्या गोष्टीची ओकारी येत होती.

मी धोटा घेतला नाही, पण तो माझ्याकडे आलाच. दहावीत सिंधू नावाची मुलगी होती, सावळी, रुंद कपाळाची, बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळणारी. तिच्या वडिलांना सगळे आप्पा म्हणत. शिरपूरकडचा माणूस, ऐन उमेदीत मागावरचा धोटा उडून तोंडावर बसला होता, त्यात डावा डोळा गेला आणि समोरचे दात गेले. पुढे तोच धोटा झिजल्यावर त्यांनी जपून ठेवला होता, आणि तोच घेऊन ते माझ्यासमोर उभे राहिले. घरी अहिराणी, कारखान्यात हिंदी, शेठशी गुजराती, आणि माझ्याशी बोलायचं म्हणून बिचारे मराठी जुळवू बघत होते, पण जमलं ते असं:

"बाई, चामडी तुमनी, हाडकं आमना. इंग्रजीमा पास व्हवाले पाहिजे, बस."

मी म्हटलं, "आप्पा, मी मुलांना मारत नाही." त्यांनी उजव्या डोळ्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि मान डोलावली. त्यांना वाटलं नवीन आहे, लाजते आहे. धोटा टेबलावर ठेवून ते गेले.

आता त्या धोट्याचं करायचं काय? परत द्यावा तर अपमान, कपाटात ठेवावा तर मारणाऱ्यांच्या पंक्तीत माझं पान. मग मला एक सुचलं. त्या वर्षीच्या पुस्तकात एक धडा होता. परदेशातल्या कुठल्याशा गावातला म्हातारा घड्याळजी, घरभर घड्याळं, आणि एके रात्री सगळी घड्याळं एकदम थांबतात आणि तो दचकून जागा होतो. मुलं आजवर असे धडे गाइडमधून पाठ करत आली होती. मी विचारलं, "तो आवाजानं का नाही उठला, शांततेनं का उठला?" तर पहिल्या बाकावरच्या मुलानं गाइडमधलं सातव्या प्रश्नाचं उत्तर म्हणून दाखवलं. मी ते थांबवलं. म्हटलं, गाइड मिटा, पावरकटच्या आदल्या रात्री कारखान्यांची वीज जाते तेव्हा तुमच्या घरी काय होतं? वर्गात खसखस पिकली. मग एक जण म्हणाला, "बाई, आख्खी चाळ जागी होते." दुसरा म्हणाला, "माझा बाप झोपेत ओरडतो, माग का बंद केला म्हणून." घड्याळजी त्यांना कळला. एकाला तर इतका कळला की तो म्हणाला, बाई, हा म्हातारा आमच्या पांडेसरा वस्तीतलाच वाटतो. पुढे कितीतरी वर्षं मी शिकवलं, चांगल्या चांगल्या शाळांतून शिकवलं, पण साहित्य शिकवणं म्हणजे काय ते मला त्या तासाला समजलं.

मग आम्ही धोटा फिरवू लागलो. ज्याच्या हातात धोटा त्यानं उभं राहायचं आणि आपल्या घरातलं खरं घडलेलं एक वाक्य इंग्रजीत बोलायचं. चुकलं तर चुकलं, बाकीच्यांनी दुरुस्त करायचं, नंतर ते लिहायचं, आणि धोटा पुढे द्यायचा. पहिल्या दिवशी मुलांनी धोटा हातात घेताना खांदे आकसून घेतले. सवय जायला वेळ लागला. हळूहळू वाक्यं यायला लागली. माय मदर कट्स थ्रेड. माय ब्रदर ड्रिंक्स. अवर रूम हॅज नो विंडो. सिंधूचं पहिलं वाक्य मला अजून तोंडपाठ आहे: "माय फादर हॅज वन आय, बट ही सीज एव्हरीथिंग." वर्ग हसला, ती हसली नाही. पुढे तिची वाक्यं लांब होत गेली. धोटा तिच्याकडे आला की वर्ग गप्प बसे, कारण ती कुणालाही सोडत नसे. एकदा ती म्हणाली, "व्हेन द मशीन्स आर ऑन, एव्हरी हाउस इज अ गुड हाउस." सिंधूची खोली आमच्याच मागच्या बोळात होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि धोटा पुढे गेला.

आता आप्पांचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कारखान्यातली पाळी संपवून घरी आले की ते सिंधूला दोन्ही तळवे पुढे करायला लावत. "बाईनी मारं का आज?" ती नाही म्हणे. ते तळवे उलटेसुलटे करून वळ शोधत. गणिताच्या सरांचे वळ असत, हिंदीच्या सरांचे असत, माझे नसत. त्यांच्या हिशेबात याचा अर्थ एकच होता. जो धागा चालवायचा त्याला कारागीर ओढून बघतो, गाठ मारतो. जो फेकायचा त्याला हात कशाला लावील? बाई सगळ्यांत शिकलेली, आणि तीच पोरीला हात लावत नाही, म्हणजे बाईनं पोर सोडून दिली. मग बाईच्या वाटणीचं ते स्वतः मारत. मागाचा चामडी पट्टा त्यांच्याकडे होता. हे सगळं सिंधूनं मला फार नंतर सांगितलं. मी मारत नव्हते त्याचा मार तिला घरी पडत होता, अगदी माझ्या वहिनीसारखा.

सहामाहीत पेपर हेडसरांनी तपासले. गाइडमधली वाक्यं शब्दशः नव्हती तिथे त्यांनी लाल फुल्या मारल्या, आणि सिंधूच्या पेपरात गाइडमधलं एकही वाक्य नव्हतं. ती नापास झाली. दुसऱ्या दिवशी भर तासाला आप्पा वर्गाच्या दारात आले. अंगाला कापसाचे तंतू चिकटलेले, म्हणजे पाळी अर्धी टाकून आले होते. माग चालू होते, त्यामुळे ते ओरडत होते, आणि ओरडताना रडवेले झाले होते.

"बाई, मनी पोर वाया गई का? सगळा मास्तर मारतस, तुमी हात बी लावतस नही. सोडी दिधी का तिले?"

मी म्हटलं, "आप्पा, वर्गात सगळ्यांत हुशार तीच आहे, तुम्ही बाहेर या, मी सांगते." त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्या वेळी धोटा सिंधूच्याच हातात होता. तिचीच पाळी होती. आप्पांनी तो तिच्या हातातून ओढला. "मी दखाडस तुमले, कसं मारतस ते," म्हणाले, म्हणजे कसं मारतात ते मी तुम्हाला दाखवतो. पहिला घाव तिच्या खांद्यावर बसला. दुसरा कानशिलावर, आणि तिच्या कानातून रक्ताची धार ओढणीवर आली. ती ओरडली नाही, तिनं डोकंही झाकलं नाही, ती बापाकडे बघत उभी राहिली. मुलं बाकांखाली गेली. तिसऱ्या घावाला मी मध्ये हात घातला. पोलादी टोक माझ्या उजव्या तळहातात घुसलं आणि लाकूड मधल्या बोटावर आलं. हाड मोडल्याचा आवाज मला मागांच्या खटाखटीतही ऐकू आला. तो कानांनी ऐकावा लागत नाही. मी खाली बसले. माझं रक्त बघून आप्पांनी धोटा टाकला आणि ते भिंतीला टेकले. पोरीचं रक्त त्यांना चालत होतं, बाईचं नाही. शिपाई आणि गणिताचे सर धावत आले, त्यांनी आप्पांना कॉलर धरून वऱ्हांड्यात नेलं आणि तिथे तुडवलं. मी नको म्हणत होते. माझे ओठ कुणी वाचले नाहीत.

डॉक्टरांनी हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये घातला. ते बोट पुढे सरळ झालंच नाही. आजही फळ्यावर, म्हणजे आता फळा कुठला, किराण्याच्या पिशवीवर नाव लिहितानाही ते बाजूला उभं राहतं. संध्याकाळी दादा बँकेतून आला, हात बघितला आणि बूट न काढता घरभर फिरू लागला. "कोण आहे तो? मागावरचा माणूस, आणि बाईमाणसावर हात टाकतो? जनावर आहेत ही माणसं. दोन माणसं घेऊन जातो आणि हात तोडून देतो त्याच्या." त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं, मी बहीण होते त्याची. वहिनी मला भात भरवत होती. तिनं घास खाली ठेवला आणि हसायला लागली. आधी हळू, मग अंग हलेपर्यंत, मग तिला ठसका लागला आणि तरी ती हसतच होती. दादानं विचारलं, "काय झालं हसायला?" ती म्हणाली, "काही नाही. बाईमाणूस म्हणालात ना." खाली माग चालू होते. दादानं तिच्या केसांना धरून तिला आत नेलं. मी प्लास्टरच्या हातानं दारावर मारत राहिले. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला आप्पांचा राग आला नाही. सगळा राग एकाच दाराला पुरला.

हेडसरांनी मात्र आप्पांचा राग सिंधूवर काढायचं ठरवलं. मास्तरांवर हात टाकणाऱ्याची पोर शाळेत नको, नाव काढतो म्हणाले. म्हणजे बोर्डाची परीक्षा गेली, शाळा गेली, आणि मग खोलीत बसून मजुरीनं साड्यांचे सुटे धागे कापायचे ते कापायचेच. मी त्यांच्या टेबलासमोरून हलले नाही. शेवटी ते एवढ्यावर आले, की बापानं पोरीला घेऊन यावं आणि अख्ख्या वर्गासमोर बाईंची माफी मागावी, तर बघू. आप्पांना सवड पावरकटच्याच दिवशी मिळणार. तोच दिवस ठरला. हात प्लास्टरमध्ये, म्हणून पिशवी धरायला वहिनी माझ्याबरोबर आली. पहिल्यांदाच ती शाळेत येत होती. पदर तिनं डोक्यावरून पुढे ओढून घेतला होता, कारण त्या खेपेला दादानं तोंडही सोडलं नव्हतं.

पावरकटच्या दिवशी शाळा वेगळीच वाटे. खडू करकरे, कबुतरं ऐकू येत, एका वर्गातला पाढा दुसऱ्या वर्गात जाई. आप्पा धुतलेला सदरा घालून आले होते. एक डोळा आधीचाच गेलेला, दुसरा वऱ्हांड्यातल्या मारानं सुजलेला. मागे सिंधू, कानाला पट्टी. हेडसर माझ्या खुर्चीवर बसले होते आणि त्यांनी तो धोटा समोर टेबलावर ठेवला होता. वहिनी दारात उभी राहिली. आप्पा माझ्यापुढे आले आणि त्यांनी दोन्ही तळवे पुढे केले, शाळेतल्या पोरानं करावे तसे.

"बाई, चूक व्हयनी. मारा."

"आप्पा, हात खाली करा."

"मारा ना बाई. तुमी मारं नही, तं माले कसं समजीन तुमी माफ करं?"

हेडसर म्हणाले, "मारा बाई, एक मारा आणि विषय संपवा." सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. आप्पांचे हात तसेच पुढे. त्या तळव्यांना घट्टे होते, बोटांच्या टोकांना धाग्यानं कापलेल्या बारीक रेघा. मी डाव्या हातानं धोटा उचलला. खरं सांगते, त्या क्षणी मला मारावंसं वाटलं. आप्पांना नव्हे. दारात पदर ओढून उभ्या असलेल्या बाईकडे बघून मला कुणालाही, समोर असेल त्याला, मारावंसं वाटलं. मी तो धोटा सिंधूला दिला. म्हटलं, "परवा तुझी पाळी अर्धी राहिली."

तिनं धोटा घेतला. आमच्या वर्गाची रीत सगळ्यांना ठाऊक होती, आप्पांना नव्हती. त्यांना वाटलं बाईनं मारायचं काम पोरीला सांगितलं, आणि त्यांनी हात तिच्याकडे वळवले. सिंधू इंग्रजीत बोलायला लागली. एक वाक्य नाही, ती थांबलीच नाही. माझे वडील मला चामडी पट्ट्यानं मारतात. रोज माझे तळवे बघतात. दुसऱ्यांनी मारलं नसेल तर ते मारतात, दुसऱ्यांनी मारलं असेल तर तेही मारतात. आई भिंतीकडे तोंड करून पोळ्या लाटते. पावरकटच्या दिवशी ते मला चहा करून देतात आणि मला तो चहा प्यावासा वाटत नाही. चुका होत होत्या, काळ मागेपुढे होत होते, कुणी दुरुस्त केलं नाही. आणि शेवटी, बापाच्या पसरलेल्या हातांकडे बघत: "व्हेन ही बीट्स मी, आय वेट फॉर हिम टू डाय."

आप्पांच्या चेहऱ्यावर मी असं काही बघितलं की ते मला नंतर कधीच विसरता आलं नाही. ते खुलले होते. पोर न अडखळता, साहेबासारखी, इतकं लांब इंग्रजी बोलली होती. त्यांच्या सुजलेल्या डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि बिनदाताचं तोंड हसत होतं. ते हेडसरांकडे वळले, मुलांकडे वळले, मग माझ्याकडे.

"कितलं बोलनी मनी पोर! बाई, तुमी सोडं नही तिले. काय बोलनी ती?"

हेडसर खाली बघू लागले. त्यांना इंग्रजी येत होतं. मी सिंधूकडे पाहिलं. मी खोटं बोलले असते तर तो माणूस आनंदात घरी गेला असता, आणि पट्टा जागच्या जागी राहिला असता. मी म्हटलं, "तिलाच विचारा, आप्पा. धोटा तिच्या हातात आहे."

तिनं अहिराणीत सांगितलं. तेवढंच, शेवटचं. "आप्पा, तू माले मारस तवय मी तू कवय मरशी यानी वाट देखस."

माग बंद होते. ते वाक्य शेजारच्या वर्गात गेलं, त्याच्या पुढच्या वर्गात गेलं, पाढे म्हणणारी मुलं मध्येच थांबली. आप्पांचे हात अजून पुढेच होते. ते त्यांना मिटता येईनात. हेडसर उठून दोन पावलं मागे सरकले, कारण आता हा माणूस काय करील याचा नेम नव्हता. सिंधू जागची हलली नाही. आप्पांनी तिच्या हातातून धोटा घेतला, या वेळी ओढला नाही, आणि काखेत धरला.

"हाऊ धोटा मी ली जास," ते मला म्हणाले. मग हेडसरांना, "नाव ऱ्हाऊ द्या तिनं."

दिलेला धोटा परत नेणारा बाप त्या शाळेत त्याआधी कुणी पाहिला नव्हता. ते गेले. सिंधूचं नाव राहिलं. पट्टा त्यांनी टाकला की ठेवला, आणि पुढे सिंधूचं काय झालं, ते मला ठाऊक आहे. पण ते सांगायचा अधिकार तिचा आहे, आणि ती माझ्यापेक्षा चांगलं लिहिते.

शाळा सुटल्यावर मी आणि वहिनी घरी निघालो. कारखान्यांची दारं उघडी होती, आत माग ओळीनं उभे होते आणि एक म्हातारा त्यांच्या पट्ट्यांना तेल घालत होता. वहिनीनं पदर डोक्यावरून मागे टाकला. ओठ सुजलेला होता, तो भर रस्त्यात दिसत होता.

"शोभाताई, ती पोर शेवटी काय म्हणाली इंग्रजीत, ते मला शिकवा."

मी म्हटलं, "वहिनी, दादाला इंग्रजी येतं."

"म्हणून तर," ती म्हणाली.

मी तिला शिकवलं. फक्त 'ही' आणि 'हिम'च्या जागी 'यू' घातलं. ती एकेक शब्द माझ्यामागून म्हणत होती, आधी हळू, मग नेहमीच्या आवाजात. घराच्या जिन्यापाशी आलो तेव्हा तिचं वाक्य पाठ झालं होतं, आणि वरच्या मजल्यावरून दादा विचारत होता, "अगं ऐकलंस का, आज इतका उशीर?"